शेअरचा अभ्यास कसा करावा: कोकणातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, अलिबाग इथून आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणता शेअर घ्यावा हे इथे मिळणार नाही. कंपन्यांची नावे आली आहेत ती फक्त समजावून सांगण्यासाठी. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे शेवटी आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या गावच्या पतसंस्थेत माझे शेअर आहेत. बाजारातला शेअर म्हणजे तेच ना?

नाव एक, व्यवहार वेगळा. पतसंस्थेचा शेअर दर्शनी किमतीला मिळतो आणि सभासदत्व सोडताना साधारण त्याच किमतीला परत जातो. संस्था कितीही वाढली तरी त्या शेअरचा भाव वाढत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, आणि शेअर दहा असोत की हजार, सभासदाचे मत एकच.

बाजारात नोंदलेल्या कंपनीचा शेअर कंपनी तुमच्याकडून परत घ्यायला बांधील नसते. विकायचा तर दुसरा कोणी घेणारा लागतो, आणि तो देईल तो भाव. मत शेअरच्या संख्येवर असते. लाभांशाला वरची मर्यादा नाही, पण तो मिळेलच याची हमीही नाही. कंपनी वाढली तर वाढीतला वाटा तुमचा, बुडाली तर गुंतवलेले पैसे जातात. त्यापलीकडे तुमच्याकडून कोणी वसुली करत नाही.

इथेच एक सांगून ठेवते, कारण हे अनेकांना माहीत नसते: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक धरून, ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही.

२. मी कॉमर्सची नाही, इंग्रजीही जेमतेम. मला हे जमेल का?

जमेल. लागणारे गणित टक्केवारी आणि भागाकारापलीकडे जात नाही. अहवाल इंग्रजीत असतात हे खरे, पण त्यांत दरवर्षी तेच ते शब्द येतात. एका कंपनीचे दोन अहवाल शब्दकोश शेजारी ठेवून वाचले की तिसरा बराच सुटा वाचता येतो. ज्यांनी काजूचा कारखाना, खानावळ किंवा मच्छीचा व्यापार सांभाळला आहे, त्यांना उधारी आणि साठा या दोन गोष्टी पदवीधरांपेक्षा लवकर कळतात, असा माझा अनुभव आहे. आणि अर्धा अभ्यास या दोन गोष्टींचाच आहे.

औपचारिक शिकायचे असेल तर शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. तिथल्या गुंतवणूकदारांसाठीच्या प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षेला शुल्क नाही आणि ती घरबसल्या देता येते. महागड्या ‘मास्टरक्लास’ला पैसे भरण्याआधी ही परीक्षा द्या.

वेळ किती लागतो, असेही विचारतात. एकच कंपनी धरून तिचे सलग चार तिमाही निकाल वाचा, म्हणजे एक वर्ष. त्याआधी मोठी रक्कम घालू नका.

३. सुरुवातीला किती पैसे आणि कोणती कागदपत्रे लागतात?

पॅन, आधार, बँक खाते आणि त्याला जोडलेला मोबाइल. ब्रोकरकडे ट्रेडिंग खाते आणि त्याच्याबरोबर डीमॅट खाते, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवण्याचे खाते, उघडते. शेअर प्रत्यक्षात एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत, तुमच्या नावावर राहतात, ब्रोकरच्या नावावर नव्हे. एकच डीमॅट खाते असेल आणि त्यातली शिल्लक ४ लाखांपर्यंत असेल, तर मूलभूत सेवा खात्याला वार्षिक शुल्क लागत नाही. खाते उघडताना हे विचारा, कारण बऱ्याच वेळा कोणी आपणहून सांगत नाही. वारसाचे नावही तेव्हाच लावा. न लावल्याने काय होते ते प्रश्न १८ मध्ये आहे.

रक्कम कितीही चालते. एक शेअरही घेता येतो. फक्त पुढच्या हंगामाच्या फवारणीचे, मजुरीचे, पेट्यांचे पैसे इकडे आणू नका. बाजार पडलेला असताना बागेसाठी पैसे लागले की तोट्यात विकावे लागते, आणि तेव्हा अभ्यासाचा काही उपयोग होत नाही.

४. बातम्यांत सेन्सेक्स आणि निफ्टी सांगतात. ते रोज पाहायला हवे का?

नाही. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, १९७८-७९ सालाला १०० धरून मोजलेला. निफ्टी राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० कंपन्यांचा, नोव्हेंबर १९९५ ला १,००० धरून. दोन्हींत मोठ्या कंपन्यांचे वजन जास्त असते, त्यामुळे निर्देशांक चढलेल्या दिवशी तुमचा शेअर उतरू शकतो. ‘बाजार ८०० अंकांनी कोसळला’ ऐकले की आधी टक्केवारी काढा. ८०,००० वर ८०० म्हणजे एक टक्का.

५. कोणत्या कंपनीपासून अभ्यास सुरू करू?

जिचा धंदा तुम्हाला दिसतो, समजतो आणि ज्याबद्दल चार माणसांना विचारता येते, अशी एक घ्या. आपल्या किनाऱ्यावर अशा कंपन्या आहेत. रत्नागिरीजवळ फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा कारखाना आणि त्याची स्वतःची जेटी आहे. जयगड बंदर जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चर चालवते. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, आहे. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत सुप्रिया लाइफसायन्सचा औषधी रसायनांचा कारखाना आहे. या चारही बाजारात नोंदलेल्या आहेत.

पण कारखान्यासमोरून रोज जाणे म्हणजे अभ्यास नव्हे. गेटवर ट्रकांची रांग दिसते. त्या मालाचे पैसे कधी मिळणार आणि कर्जाचे व्याज किती, हे रांगेवरून कळत नाही. ‘माझा भाचा तिथे कामाला आहे, कंपनी जोरात चाललीय’ हे वाक्य मी फार वेळा ऐकते. भाचा त्याच्या विभागापुरते खरे सांगतो, कंपनीचा ताळेबंद त्याच्यासमोर नसतो. आणि त्याला निकालाआधीची आतली माहिती खरोखरच असेल, तर तिच्यावर व्यवहार करणे हा गुन्हा आहे, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

याला जोडून नेहमी येणारा प्रश्न: कोकण रेल्वेचा शेअर मिळतो का? नाही. कोकण रेल्वे महामंडळ केंद्र सरकार आणि मार्गावरच्या राज्यांच्या मालकीचे आहे आणि ते बाजारात नोंदलेले नाही. बाजारात नोंदलेल्या आयआरसीटीसी, आरव्हीएनएल या रेल्वेच्या वेगळ्या कंपन्या आहेत.

६. कंपनीची माहिती कुठून मिळवायची? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळे सांगतो.

मूळ कागद सर्वांना फुकट मिळतात. बीएसई (मुंबई शेअर बाजार) किंवा एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) यांच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, भागधारणेचा तक्ता आणि कंपनीने बाजाराला दिलेल्या सूचना सापडतात. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचे निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. भागधारणेचा तक्ता २१ दिवसांत येतो.

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. सुरुवातीची रंगीत पाने आणि अध्यक्षांचे पत्र शेवटी वाचलेले बरे. आधी लेखापरीक्षकाचा अहवाल काढा: त्याने कुठे हरकत घेतली आहे का, कोणत्या मुद्द्याकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे का? मग रोख प्रवाह पत्रक, मग ताळेबंद, मग नफा-तोटा पत्रक. त्यानंतर टिपांमधले ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’, म्हणजे प्रवर्तकांच्या (कंपनी उभारणाऱ्या मुख्य मालकांच्या) घरच्या कंपन्यांशी झालेली देवघेव. जयगड बंदराच्या कंपनीचे उदाहरण घ्या. तिच्या मालवाहतुकीत समूहातल्याच कंपन्यांचा मोठा हिस्सा आहे. त्यात गैर काही नाही, मात्र बंदराचा अभ्यास करताना समूहाच्या पोलाद आणि वीज धंद्याकडेही पाहावे लागते, हे या टिपांतून कळते.

भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत हा आकडा पाहा. तो तिमाहीगणिक वाढत असेल तर थांबा आणि कारण शोधा.

७. पी/ई म्हणजे काय, सोप्या शब्दांत सांगा.

शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वर्षाचा नफा. समजा काजू प्रक्रिया करणारी एक कंपनी आहे. तिचा नफा ९ कोटी रुपये आणि शेअर १ कोटी. म्हणजे प्रति शेअर नफा ९ रुपये. शेअर १८० रुपयांना मिळत असेल तर पी/ई २०. नफा आहे तेवढाच राहिला तर किमतीइतका नफा जमायला २० वर्षे लागतील. मग कोणी इतके का देतो? नफा वाढेल या अपेक्षेने.

मोहोर पाहून बाग कराराने घेणारा व्यापारी हेच करतो. झाडावर आंबा नसतो. तो मोहोरावरून येणाऱ्या पिकाचा अंदाज बांधून आज रक्कम ठरवतो, आणि फुलकिडे किंवा अवकाळी पावसाचा धोका त्यात धरतो. भरगच्च मोहोराला जास्त रक्कम देणे चूक नाही, जोखीम न धरता देणे चूक आहे. २० चा पी/ई महाग की स्वस्त हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. नफा कशामुळे वाढणार आणि तो कशामुळे अडेल, ही दोन कारणे लिहून काढता आली तर उत्तर जवळ येते.

तोट्यातल्या कंपनीला पी/ई नसतो. नफ्यात जमीनविक्रीसारखी एकदाच होणारी कमाई असेल तर ती वजा करून मोजा. पी/ई कमी असूनही शेअर महाग कसा असतो ते प्रश्न ९ मध्ये आहे.

८. कंपनी दरवर्षी नफा दाखवते. मग आणखी काय तपासायचे?

तो नफा रोकड बनून खात्यात आला का, हे. माझ्या मते संपूर्ण अभ्यासातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

वरचीच काजू कंपनी घ्या. गेल्या वर्षी विक्री ११० कोटी, यंदा १२० कोटी, नफा ९ कोटी. आता ताळेबंद पाहा. गिऱ्हाइकांकडून येणी १८ कोटींवरून २४ कोटी. साठा २० वरून २५ कोटी. माल देणाऱ्या व्यापाऱ्यांना कंपनीने द्यायची देणी १ कोटीने वाढली. यंत्रांचा घसारा ३ कोटी, जो नफ्यातून वजा होतो पण त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. हिशेब असा: ९ अधिक ३ बारा, त्यातून येणीत अडकलेले ६ गेले, साठ्यात अडकलेले ५ गेले, देणी वाढल्याने १ हातात राहिला. उरले २ कोटी. नफा ९ कोटींचा आणि रोकड २ कोटी.

लगेच ‘घोटाळा’ म्हणू नका. साठ्याचे आधी पाहू. काजू बी आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते मे या काळात येते आणि हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे ऐन खरेदीत. त्या दिवशी गोदाम भरलेलेच असणार. म्हणून अशा कंपनीचा मार्चचा साठा मार्चशीच ताडून पाहायचा, सप्टेंबरशी नाही. इथे मार्च ते मार्च ५ कोटींची वाढ आहे. बीचा दर २५ टक्क्यांनी चढला असेल तर तेवढ्याच टनांचा साठा २० चा २५ कोटी होतो. हे पटण्यासारखे कारण आहे, आणि दर चढला का ते वाशीच्या किंवा वेंगुर्ल्याच्या कोणत्याही काजू व्यापाऱ्याला विचारता येते.

येणीचे काय? विक्री ९ टक्क्यांनी वाढली, येणी एक तृतीयांशाने. दिवसांत मोजले तर गेल्या वर्षी ६० दिवसांची उधारी होती, ती ७३ दिवसांवर गेली. याचे कारण हंगामात सापडत नाही. मोठे गिऱ्हाईक पैसे देईना झाले असेल, किंवा आकडा फुगवण्यासाठी वर्षअखेरीला सैल उधारीवर माल पाठवला असेल. पहिल्या तिमाहीत ती वसूल झाली का, सहा महिन्यांपेक्षा जुनी येणी किती, हे पुढे पाहत राहायचे. येणीचे वयोमान टिपांमध्ये दिलेले असते.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि पाच वर्षांच्या कामकाजातून आलेल्या रोकडीची बेरीज शेजारी मांडा. दुसरी बेरीज पहिलीच्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. निम्म्याहून कमी असेल आणि कंपनी झपाट्याने वाढतही नसेल, तर ती कंपनी मी बाजूला ठेवते.

हीसुद्धा संपूर्ण खात्री नव्हे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. शेअरने त्या एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक किंमत गमावली. म्हणून आणखी एक पडताळा: बँकेत मोठी शिल्लक दाखवली असेल तर त्यावरचे व्याज उत्पन्नात दिसते का? आणि इतकी रोकड असताना कंपनी व्याजाने कर्ज का काढते?

९. पी/ई ६ आहे, म्हणजे शेअर स्वस्तच ना? सगळे घ्या म्हणतात.

ज्यांच्या मालाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, अशा कंपन्यांत बहुधा उलटे असते. पोलाद, साखर, रसायने, पीव्हीसी. भाव शिगेला असताना नफा फुगतो, भागाकारातला खालचा आकडा मोठा होतो आणि पी/ई लहान दिसतो. पुढच्या वर्षी भाव उतरला की नफा आटतो आणि तोच पी/ई एकदम मोठा होतो. २०२१-२२ मध्ये पीव्हीसीचे भाव चढे असताना फिनोलेक्सचा नफा चांगलाच मोठा होता. पुढच्या वर्षी भाव कोसळल्यावर तो झपाट्याने घटला. कारखाना तोच, माणसे तीच. भाव पडताना आधीच्या दराने घेतलेला कच्चा माल अंगावर येतो, आणि भाव अजून उतरेल म्हणून दुकानदारही पाइप उचलायचे थांबतात.

अशा कंपनीत एका वर्षाचा नफा न धरता सात-आठ वर्षांचा सरासरी नफा धरून पी/ई काढा. तिमाही ताडतानाही गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडा. शेतीच्या पाइपांची मागणी पावसाळ्यात मंदावते, त्यामुळे जुलै ते सप्टेंबरचा आकडा आधीच्या तिमाहीपेक्षा कमी दिसणे रीतसर आहे.

पावसावरून आठवले: ‘यंदा पाऊस चांगला, मग बाजार वर जाणार का?’ असे जूनमध्ये हमखास विचारतात. कोकणात तो बहुतेक वर्षी भरपूरच असतो. शेतीवर अवलंबून असलेल्या कंपन्यांसाठी मराठवाडा, विदर्भ आणि उत्तरेतल्या पावसाचे प्रमाण पाहावे लागते.

१०. आरसीएफ सरकारी आहे आणि खत तर लागतेच. मग धोका कसला?

मागणीचा नाही, वसुलीचा. युरियाची ४५ किलोची गोणी कर आणि कडुनिंबाचे लेपन वगळून २४२ रुपयांना विकायची, हे सरकार ठरवते. उत्पादन खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो आणि फरक अनुदानातून येतो. म्हणजे कंपनीचे खरे मोठे गिऱ्हाईक सरकारच. अनुदान उशिरा आले की येणी फुगते, कर्ज काढावे लागते आणि व्याज नफा खाते. वेळेवर आले की तीच कंपनी रोकडीने भरलेली दिसते. प्रश्न ८ मधला रोकडीचा हिशेब इथे एका वर्षावर केला तर हमखास चकवा देतो.

दुसरे असे की आरसीएफमध्ये केंद्र सरकारचा वाटा ७५ टक्के आहे. सरकारने हिस्सा विकायला काढला तर बाजारात शेअरचा पुरवठा वाढतो. त्या निर्णयाचा कंपनीच्या कामगिरीशी संबंध नसतो.

११. बँकेच्या शेअरलाही हेच नियम लावायचे का?

नाही. बँकेचा कच्चा मालच उसना पैसा, त्यामुळे ‘कर्ज जास्त’ म्हणून बँक बाद करता येत नाही आणि प्रश्न ८ चा हिशेबही लागू पडत नाही. तिथे थकीत कर्जांचे प्रमाण (हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादक धरतात), चालू आणि बचत खात्यांतल्या स्वस्त ठेवींचा वाटा आणि भांडवल पर्याप्तता (तोटा सोसायला बँकेचे स्वतःचे भांडवल पुरेसे आहे का) पाहायची. भाव ताडायचा तो पुस्तकी मूल्याशी, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून प्रति शेअर उरते त्याच्याशी. नवशिक्यांनी बँका दुसऱ्या वर्षी अभ्यासाला घ्याव्यात.

१२. आयपीओला अर्ज करू का? मित्र म्हणतो, लिस्टिंगलाच पैसे सुटतात.

आयपीओ म्हणजे कंपनीच्या शेअरची लोकांना होणारी पहिली विक्री, आणि लिस्टिंग म्हणजे त्यानंतर बाजारात व्यवहार सुरू होण्याचा दिवस. आधी माहितीपत्रक उघडा आणि पैसे कोणाच्या खिशात जाणार ते पाहा. ‘फ्रेश इश्यू’ म्हणजे नवे शेअर, पैसे कंपनीला. ‘ऑफर फॉर सेल’ म्हणजे आधीचे मालक आपला हिस्सा विकतात, कंपनीला एक रुपयाही मिळत नाही. दोन्ही नमुने कोकणातच आहेत. २०२३ मध्ये जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरचा २,८०० कोटींचा संपूर्ण इश्यू नव्या शेअरचा होता आणि कर्जफेड व जयगडची कामे ही त्याची कारणे दिली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रिया लाइफसायन्सच्या ७०० कोटींपैकी २०० कोटी कंपनीला आणि ५०० कोटी प्रवर्तकाला गेले. हिस्सा विकणे हा दोष नाही. पण वर्षानुवर्षे कंपनी सांभाळणारा माणूस या भावाला का विकतो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

ग्रे मार्केट प्रीमियमचा, म्हणजे लिस्टिंगआधी बाजाराबाहेर बोलल्या जाणाऱ्या जादा भावाचा, आकडा अनधिकृत असतो, त्याच्या पाठीशी कोणतीही यंत्रणा नाही. त्यावर अर्ज करू नका.

१३. चार्ट शिकू की ताळेबंद?

आधी ताळेबंद. चार्ट म्हणजे झालेल्या व्यवहारांची नोंद: कोणत्या भावाला किती उलाढाल झाली. लोक कुठे घाबरले, कुठे धावले हे त्यात दिसते, आणि तेवढ्यासाठी तो उपयोगी आहे. कंपनी काय आहे हे त्यातून कळत नाही.

१४. ऑप्शनमध्ये थोड्या पैशांत रोज कमाई होते म्हणतात. शिवाय आमच्याकडे पावसात रेंज आणि लाइट जाते, तेव्हा काय करायचे?

वायदे आणि ऑप्शन म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर केलेले मुदतीचे सौदे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. तरुण मुलांच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलगा घरात बसून ‘ट्रेडिंग करतो’ असे सांगत असेल तर त्याच्याकडे वर्षाचे नफा-तोट्याचे विवरण मागा. ब्रोकरच्या ॲपवर ते एका बटणावर मिळते. एखाद्या दिवसाच्या नफ्याचा फोटो म्हणजे विवरण नव्हे.

रेंजचा मुद्दा खरा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. ज्याने कंपनीचा अभ्यास करून शेअर घेतला आहे, त्याला आठवडाभर भाव दिसला नाही तरी बिघडत नाही. मुदतीचा उघडा सौदा असलेल्याचे मात्र नुकसान होऊ शकते. ब्रोकरकडे फोनवरून सौदा करण्याची सोय असते. तो क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

१५. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टिप देतात आणि आधीच्या सगळ्या खऱ्या ठरल्या आहेत. विश्वास ठेवू का?

नको. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो. क्रमांक विचारा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक लावणारेही आहेत. नोंदणीकृत माणूस परताव्याची हमी देऊ शकत नाही. जो देतो तो तिथेच नापास.

सध्याचा फसवणुकीचा प्रकार असा: लिंकवरून ॲप उतरवायला लावतात, त्यात तुमचा नफा रोज वाढताना दिसतो, आणि काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ म्हणून आणखी पैसे मागतात. खरा ब्रोकर तुमचेच पैसे द्यायला असा कर कधी मागत नाही. पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यात पाठवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांसाठी यूपीआय पत्त्यात ‘ॲट’ चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ शब्द असलेली सोय झाली आहे, ती पाहा. फसलात तर त्याच तासाला १९३० वर फोन करा, वेळ गेला की रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. नोंदणीकृत ब्रोकर किंवा कंपनीविरुद्धची तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’वर करता येते.

१६. माझा शेअर काल १,००० होता, आज ५००! बुडालो का? आणि दुसऱ्या एका शेअरला विकायला गेलो तर घेणाराच नाही.

पहिल्याचे उत्तर बहुधा बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे केलेले लहान भाग). एकास एक बोनस मिळाला की शेअर दुप्पट आणि भाव साधारण निम्मा. एकूण किंमत तीच. नवे शेअर खात्यात दिसायला थोडे दिवस लागतात, तोवर ॲप तोटा दाखवते. कंपनीचे विभाजन झाले तरी भाव उतरतो: जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा भागधारकांना नव्या कंपनीचे शेअर मिळाले. अभ्यास करताना जुन्या वर्षांचा प्रति शेअर नफा बोनस-स्प्लिटनुसार दुरुस्त करून घ्या, नाहीतर वाढीचा हिशेब चुकतो.

दुसरा प्रकार गंभीर आहे. बहुतेक शेअरना दिवसाची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची हद्द असते. खालच्या हद्दीवर सगळे विकायला उभे आणि घेणारा नाही, याला लोअर सर्किट म्हणतात. छोट्या कंपन्यांत हे दिवसेंदिवस चालते. त्यामुळे घेण्याआधी रोज सरासरी किती शेअरचे व्यवहार होतात आणि शेअर बाजाराने त्या शेअरला वाढीव देखरेखीच्या यादीत टाकले आहे का, हे पाहा.

१७. आंब्याचे उत्पन्न करमुक्त असते. त्या पैशांतून घेतलेल्या शेअरचा नफाही करमुक्त का?

नाही. पैसा कुठून आला याने फरक पडत नाही, नफा शेअरवर झाला. २३ जुलै २०२४ पासूनचे दर असे: १२ महिन्यांहून जास्त ठेवून विकलेल्या नोंदणीकृत शेअरवर वर्षाला १.२५ लाखांवरील नफ्याला १२.५ टक्के, त्याआधी विकल्यास २० टक्के, शिवाय उपकर. लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्यानुसार कर लागतो. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून विवरणपत्र भरताना त्या वर्षीचे पाहा.

१८. गावच्या घरात पोटमाळ्यावर आजोबांचे कागदी शेअर सापडले. ते मुंबईला गिरणीत होते. याचे आता काही होईल का?

दर गणपतीला आणि मे महिन्यात हा प्रश्न येतो. होऊ शकते, चिकाटी मात्र हवी.

प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव, फोलिओ क्रमांक आणि शेअरची संख्या असते. कंपनी आज त्याच नावाने आहे, दुसरीत विलीन झाली की बंद पडली, हे बीएसईच्या संकेतस्थळावर शोधा. बंद पडून अवसायनात निघालेल्या गिरणीच्या शेअरचे सहसा काही मिळत नाही. कंपनी चालू असेल तर तिच्या रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, फोलिओ क्रमांक देऊन पत्र लिहा. बोनस-स्प्लिट होऊन दहाचे शेकडो झालेले असू शकतात.

सात वर्षे सलग लाभांश कोणी घेतला नसेल तर ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे, गेलेले असतात. ते बुडत नाहीत. वारसाला कंपनीकडून हक्कपत्र घेऊन ‘आयईपीएफ-५’ हा अर्ज भरून परत मिळवता येतात.

१ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विक्रीने दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, मात्र वारसाहक्काने नावावर होतात. मृत्यूचा दाखला, वारसांची केवायसी आणि वारसपत्र किंवा मृत्युपत्राची कागदपत्रे लागतात. वारस नोंदलेला नसेल आणि एका कंपनीतली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शपथपत्र, हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत यावर काम सोप्या पद्धतीने होते. रजिस्ट्रार नवे कागदी प्रमाणपत्र देत नाही, शेअर डीमॅट खात्यातच घ्यावे लागतात. आधीच पुष्टिपत्र मिळालेले असेल तर ते १२० दिवसांच्या आत डीमॅटसाठी द्यावे लागते. ही मुदत चुकवू नका.

आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. मुंबईत नोकरीला लागताना आजोबांनी गावाचे नाव आडनाव म्हणून लावले आणि सातबारावर मूळ आडनाव राहिले, किंवा इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र आणि दोन्ही नावे जोडणारा जुना कागद शोधून ठेवा. शाळेचा दाखला, गिरणीचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती, काहीही चालून जाऊ शकते. टक्केवारीवर काम करून देणारे एजंट भेटतील. मूळ प्रमाणपत्र त्यांच्या हाती देण्याआधी सगळ्या पानांच्या प्रती काढा, आणि सही केलेला कोरा कागद कोणालाही देऊ नका.